गिरणी सोडून वारीला

हडपसरच्या गाडीतळावर दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जातात, माउली सासवड रस्त्याने दिवे घाटाकडे. त्या सासवड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. त्यामुळे वारी मी लहानपणापासून बघत आलो, पण रस्त्याच्या कडेला उभा राहून. अंगावर पीठ, खांद्यावर पंचा, पालखीच्या रथाला हात जोडायचे नि परत येऊन मोटार चालू करायची.

वारीशी आमचं नातं दळणाचं. परभणीकडची एक दिंडी ज्वारीची पोती घेऊन येते. पावसाळी हवेत ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून ते घरून दळून आणत नाहीत, वाटेत लागेल तसं दळून घेतात. ज्वारी त्यांची, दगड नि वीज आमची. पैसे घ्यायचे नाहीत हे वडिलांनी ठरवून टाकलेलं. दरवर्षी त्यांचे विणेकरी बाबा पोत्यावर बसून चहा पितात आणि म्हणतात, "गिरणीवाले, नुसतं पीठच धाडणार का पंढरीला?" मी हसून टाळायचो. गिरणीवाल्याला सुट्टी नसते. एक दिवस बंद ठेवली की दुसऱ्या दिवशी डब्यांची रांग पायरीच्या खाली जाते, आणि दोन दिवस ठेवली की गिऱ्हाईक पिशवीतला आटा आणतं. आणलेला आटा एकदा घरच्यांच्या जिभेवर बसला की ते गिऱ्हाईक परत येतंच असं नाही.

गेल्या वर्षी बाबांनी मला विचारलंच नाही. त्यांनी आमच्या मंडळींना विचारलं. ती म्हणाली, "घेऊन जा. इथलं मी बघते." समोरच्या खाणावळवाल्या मावशी तिथेच गव्हाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही आहोत की. गिरणी काय पाय लावून पळतीय?" मग दिंडीची भिशी भरली, म्हणजे जेवणखाण आणि तंबूचा खर्च, आणि एका पिशवीत दोन जोड कपडे, पंचा, औषधाच्या गोळ्या टाकून निघालो.

पुणे ते सासवड ही वारीतली सगळ्यात लांबची चाल, ३० किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी बहुतेक एकादशी असते, म्हणून रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा पहिल्यांदा मी त्या रस्त्याच्या मधोमध होतो आणि आमची गिऱ्हाइकं कडेला. एक आजी आहेत, दर आठवड्याला पाच किलो गहू घेऊन येतात. सुनेने घरात तयार आट्याची पिशवी आणून ठेवली तरी यांचा डबा येतोच. "त्या पिशवीला वास नाही रे," म्हणतात. त्या आजी पुढे झाल्या आणि माझ्या पाया पडल्या. मी मागे सरकलो. वारीत सगळेच माउली, कोणी कोणाच्याही पाया पडतं, हे मला ठाऊक होतं. तरी ज्यांच्या डब्यावर आपलं घर चाललं त्यांनी वाकावं हे काही सोसेना. मीही वाकलो. मागून दिंडी ढकलत होती, त्यामुळे बोलणं झालं नाही.

दुकानदाराचा हात सवयीने खिशाकडे जातो. वडकीपाशी चपलेचा अंगठा तुटला. रस्त्याकडेला चांभारदादा सुई-दोरा घेऊन बसलेले, वारकऱ्यांच्या चपला शिवत होते. त्यांनी माझी चप्पल ओढून घेतली, दोन टाके घातले, दोरा दाताने तोडला. मी वीसची नोट काढली. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "आज नाही माउली," म्हणाले, आणि पुढचा पाय ओढला. पुढे कोणी पायाला तेल चोळलं, कोणी दाढी करून दिली, कोणी औषधाची पट्टी चिकटवली. दर वेळी माझा हात खिशाकडे. एका दिवसाची मजुरी सोडून बसलेल्या माणसाचं काय जातं, हे धंदा करणाऱ्याला जास्त कळतं. दोऱ्याचं रीळ फुकट येत नाही. माझ्या पाठीमागून चालणारी एक बाई शेवटी म्हणाली, "दादा, घ्या की गुमान. देणाऱ्याचं मन मोडताय तुम्ही." दळून देताना मी इतकी वर्षं रुबाबात होतो. घ्यायची वेळ आली तेव्हा मान अवघडली.

दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ मोठा, रथ जड, मूळच्या जोडीच्या एकटीच्या आवाक्यातली गोष्ट नाही. वर पोचलं की त्या जोड्या सोडतात आणि पुढची वाट मानाची जोडी एकटी चालते. घाटात कठड्याला टेकून मी ते बघत होतो आणि मला आमच्या शेजारचे किराणावाले शेठ आठवले. गिरणीची मोटार जळली होती तेव्हाची गोष्ट. दहा एचपीची मोटार, रिवाइंडिंग करून भागणार नव्हतं, नवीच घ्यायची. सोसायटीचं कर्ज मिळायला वेळ लागणार होता. शेठनी दुपारच्या वेळी शटर अर्धं ओढलं, गल्ल्यातून पैसे मोजले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. कागद नाही, व्याज नाही. मी फेडले सगळे, पण त्या घाटापुरते ते जुंपले गेले होते. नंतर त्यांनी कधी त्याचा विषय काढला नाही. लोक मात्र म्हणतात, गिरणी वडिलांनी टाकली आणि पोराने वाढवली. सोडलेल्या जोडीचा फोटो कोणी काढत नाही.

चालताना डोकं रिकामं होतं असं ऐकलं होतं. माझं भरत गेलं. टाळाच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतात आणि मागची एकेक गोष्ट वर येते. २०१६च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. दळणाला वीस-पंचवीस रुपये लागायचे आणि सुटे कोणाकडेच नव्हते. गिऱ्हाईक परत पाठवायचं कसं? वही केली आणि लिहीत गेलो. मला वाटलं होतं यातले निम्मे बुडणार. जानेवारीनंतर लोक आपणहून येऊन वही उघडायला लावायचे. काही जणांची नावं मी लिहिलीच नव्हती, घाईत राहून गेलेली, तेही येऊन पैसे ठेवून गेले. एका शाळकरी पोराने आईने दिलेली नाण्यांची पुरचुंडी आणून फळीवर ओतली. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. आपण तेवढे मोठे नाही. माझी वही गल्ल्याच्या खणात आहे, फक्त ती वसुलीची राहिलेली नाही. घरातल्या लग्नाची पत्रिका द्यायची वेळ आली तेव्हा मी त्याच वहीतून नावं काढली.

सासवडला दोन मुक्काम, मग जेजुरीला भंडाऱ्यात सगळी दिंडी पिवळी, मग वाल्हे. नीरेला पादुकांचं स्नान झालं आणि आम्ही पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात आलो. मुक्कामाच्या जागी रोज संध्याकाळी समाज आरती होते. तिची गंमत ज्याने बघितली नाही त्याला सांगून पटत नाही. एवढा टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की क्षणात चिडीचूप. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो: पाकीट, पिशवी, छत्री, एखाद्याची कवळीसुद्धा. सापडलेलं पाकीट पैशांसकट जमा होतं. हडपसरच्या बाजारात असं झालं तर पेपरात बातमी येईल.

रिंगणाचं वर्णन सगळेच करतात, मी करत नाही. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावला, त्याच्या टापांखालची माती मी कपाळाला लावली, एवढं पुरे. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं. घरून दोन दिवस फोन नव्हता. मी केला तर आमची मंडळी "सगळं ठीक" म्हणून पटकन ठेवून द्यायची. आणि मागे गिरणीचा आवाज नसायचा. सकाळी अकराला आमच्या फोनमागे गिरणीचा आवाज नाही म्हणजे काहीतरी आहे.

फलटणला तिने सांगितलं. मी लोणंदला असतानाच गिरणीचं बेअरिंग गेलं होतं. आधी घरघर, मग जळका वास. तिने मोटार बंद केली ती बरं झालं, नाहीतर शाफ्टही गेला असता. मी तंबूच्या दोरीला धरून उभा होतो. निघावं का? फलटणहून हडपसर एसटीने चार तासांच्या आत. ती म्हणाली, "निघायला लागलात तर बाबांना फोन करीन. ऐका आधी."

मग एकेक कळत गेलं. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आमचं गिऱ्हाईक. त्यांनी येऊन मोटार तपासली, मोटार धड आहे म्हणाले, बेअरिंगचा नंबर कागदावर लिहून दिला. खाणावळवाल्या मावशींचा मुलगा स्कूटरवर जाऊन ते घेऊन आला. दगड उचलायचाच आहे तर टाकी लावून घ्या, म्हणून कोणीतरी टाकीवाल्या चाचांना निरोप दिला. चाचा वयाने सत्तरीच्या पुढे, हल्ली कामं कमी घेतात. दगडाला टाकी लावणं म्हणजे हातोडी-टाकीने पुन्हा चऱ्या पाडणं, दिवसभर वाकून बसायचं काम. चाचा आले, मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "वो वापस आएंगे तब देखेंगे. वो माउलीके पास गये है ना?"

पण खरी गोष्ट पुढेच. आमच्याकडून दोन गल्ल्या सोडून दुसरी गिरणी आहे. त्यांचं-आमचं बोलणं जेमतेम. किलोमागे एक रुपया त्यांनी कमी केला की दुसऱ्या आठवड्यात आम्ही कमी करतो, एवढाच संवाद. आमची गिरणी बंद आहे हे कळल्यावर तो माणूस हातगाडी घेऊन आला. फळीवर नावांच्या चिठ्ठ्या लावलेले आमच्या गिऱ्हाइकांचे डबे त्याने उचलून नेले. कोणाचं बारीक, कोणाचं जाड, कोणाच्या गव्हात मूठभर चणाडाळ, सगळं आमच्या मंडळींना विचारून घेतलं. रात्री डबे परत फळीवर. शेवटच्या दिवशी दळणाचे पैसे घरी आणून दिले, विजेचे तेवढे कापून घेतले होते. किती युनिट, काय दराने, ते पाकिटावर पेनने लिहिलं होतं.

"विजेचे कापले?" मी विचारलं.

"कापले की. धंदा आहे," ती म्हणाली. "पण डबा एकही ठेवून घेतला नाही त्याने. ठेवता आला असता."

त्या रात्री दिंडीत पिठलं-भाकरी होती. भाकरी आमच्याच पिठाची, हडपसरहून निघताना दळून दिलेलं ते संपत आलं होतं. विणेकरी बाबांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "बरं झालं. आता झोपा, उद्या बरडची चाल हाय."

पुढची वाट मी मोकळेपणाने चाललो. कोणी काही दिलं की घेतलं. वेळापूरच्या आधी उतारावर सगळे धावतात, मीही धावलो, गुडघ्याने दोन दिवस त्याची आठवण ठेवली. वाखरीला गर्दी इतकी की पाय उचलला तो कुठे पडेल सांगता येत नव्हतं. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेला उभं राहायची ताकद नव्हती. नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले, चंद्रभागेत बुडी मारली.

मग प्रसादाच्या दुकानात बसलो आणि फोनवर घरच्यांबरोबर यादी सुरू झाली. चुरमुरे-बत्तासे, बुक्का आणि तुळशीच्या माळा. शेठ, आजी, मावशी, मावशींचा मुलगा, वीज मंडळातले काका, चाचा. "गॅसवाला राहिला," ती म्हणाली. "आणि कोपऱ्यावरचा चहावाला. मिस्त्री आले की चहा तोच पाठवायचा." दुकानदार पुडे बांधता बांधता म्हणाला, "माउली, घरचे किती जण आहात एवढे?" मी म्हटलं, बांधा अजून. मी त्याला घाऊक भाव मागितला. त्याने दिला नाही. आषाढीच्या गर्दीत मीही दिला नसता.

हडपसरला परतल्यावर एकेक पुडा पोचवला. मावशींनी प्रसाद कपाळाला लावला आणि लगेच म्हणाल्या, "बेअरिंगची पावती आणलीय बघ, पोराने स्वतःचे घातलेत, आधी ते दे." दिले. चाचांनी मजुरी घेतली, नेहमीपेक्षा कमी घेतली, त्यावर आमची थोडी बाचाबाची झाली.

दुसऱ्या गिरणीवाल्याकडे सगळ्यात शेवटी गेलो. पायरी चढायला जड जात होतं, इतक्या वर्षांत कधी चढलो नव्हतो. त्याने पुडा घेतला, गल्ल्यावरच्या विठोबाच्या तसबिरीपुढे ठेवला आणि पीठ झटकून खुर्ची पुढे केली. चहा मागवला. मी आभाराचं काहीतरी बोलायला सुरुवात केली तर त्याने हात हलवला.

"ते राहू द्या. तुमच्या चाचांचा नंबर आहे का? माझ्या दगडाची टाकी गेलीय, पीठ गरम येतंय."

मी फोन काढला आणि तिथूनच चाचांना लावला.