टेहाचापीच्या घाटात बँकर चालवताना

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डहून मोहावीकडे जाणारा हायवे ५८ धरला की वाटेत, ऐन चढावर, कीन नावाचं चिमुकलं गाव लागतं. तिथून जुन्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की टेहाचापी लूप दिसतं. सदर्न पॅसिफिक कंपनीचे इंजिनिअर विल्यम हूड यांनी १८७६ मध्ये इथे रूळ एका टेकडीभोवती पूर्ण गोल फिरवले आणि स्वतःच्याच डोक्यावरून पुढं काढले. या एका फेऱ्यात गाडी सुमारे २३ मीटर वर चढते. डोंगर फोडला तो प्रामुख्यानं चिनी मजुरांनी, पहार-फावडी आणि सुरुंगाच्या जोरावर. आम्ही उभे असताना कंटेनरची एक लांबलचक गाडी चढत आली. तिची इंजिनं गोल फिरून बोगद्याच्या माथ्यावर पोहोचली, तरी शेपटाकडच्या वाघिणी खालून त्याच बोगद्यात शिरत होत्या.

हे सगळं बघितलं ते संध्याकाळच्या तयारीसाठी. बेकर्सफील्डला राहणाऱ्या माझ्या मित्राच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी गॅरेजमध्ये हाच घाट मॉडेल रेल्वेच्या रूपात, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात उभा केलाय. काळ १९५० च्या आसपासचा. महिन्यातून एकदा त्यांची मंडळी जमतात आणि वेळापत्रकाप्रमाणे मालगाड्या चालवतात. त्या दिवशी एक गडी कमी होता, म्हणून मला बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन, चालवायला मिळाला.

गाडी होती कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यातल्या फळांची. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या नारिंगी वाघिणी, त्यांच्या टपावर बर्फ भरायची झाकणं. पुढे सदर्न पॅसिफिकचं ते प्रसिद्ध कॅब-फॉरवर्ड इंजिन. बोगद्यात आणि बर्फ रुळांवर पडू नये म्हणून घातलेल्या छपरांखाली धुरानं माणसं गुदमरायची, म्हणून यात ड्रायव्हरची केबिनच पुढे आणलेली असते. मागे, गार्डाच्या डब्याच्या पुढं, माझं इंजिन. गार्डाचा डबा बहुधा लाकडी सांगाड्याचा, मागून रेटला तर चेपेल, म्हणून इंजिन त्याच्या अलीकडे जोडायची पद्धत होती. मॉडेलमध्ये डबा चेपण्याची भीती नाही, तरी इथे इंजिन तिथेच जोडतात. मला हे फार आवडलं.

मॉडेलमध्ये इंजिन, झाडं, माणसं सगळं ८७ पटीनं लहान होतं, पण चढ लहान होत नाही. पन्नासात एक म्हणजे पन्नासात एकच. त्यामुळे इथलं इंजिन खोटं खोटं धापा टाकत नाही, ते खरंच ओढतं, आणि भार जास्त झाला की त्याची चाकं जागच्या जागी फिरतात. एकट्या कॅब-फॉरवर्डला ती गाडी घाटातल्या बीलव्हिल स्टेशनाच्या वर नेता आली नसती. बँकर शोभेला नव्हता.

पुढच्या ड्रायव्हरनं दोन लांब शिट्ट्या दिल्या, मी दोन दिल्या, आणि सुटलो. मला पुढचं इंजिन दिसत नव्हतं, ते डोंगराच्या पलीकडे. बघायचं ते फक्त कपलिंगकडे, म्हणजे दोन वाघिणींमधल्या जोडाकडे. माझ्या पुढच्या वाघिणींची कपलिंगं दाबलेली आहेत की ताणलेली, एवढंच. मागून जास्त रेटलं तर वळणावर मधल्या वाघिणी बाहेर फेकल्या जातात. कमी रेटलं तर पुढचं इंजिन त्यांना आतल्या बाजूला खेचून आडव्या करतं. मधे कुठेतरी एक कपलिंग असतं जिथे दाब संपतो आणि ताण सुरू होतो. ते साधारण एकाच जागी राहिलं तर दोघांचा मेळ जमला. त्या कपलिंगवर नजर ठेवून, वेगाचा नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे करत मी पूर्ण लूप चढलो. वाघिणींचं वजनही इथे नेमून दिलेलं असतं. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा सल्ला असा, की आधी एक औंस आणि मग लांबीच्या दर इंचाला अर्धा. म्हणजे सहा इंची वाघीण सव्वाशे ग्रॅमच्या आतच. एखादी हलकी राहिली की वळणावर तीच आधी उलटते.

लूपवरच्या वॉलॉंगला समोरून येणाऱ्या पॅसेंजरसाठी सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबलो. सिग्नलपेक्षा इथे कागदाचं राज्य. डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांची वाहतूक ठरवणारा, बाजूच्या खोलीत बसून फोनवर हुकूम सांगतो, स्टेशनवरचा माणूस तो पातळ कागदावर उतरवतो आणि शब्द न शब्द परत वाचून दाखवतो. मॉडेलचं घड्याळ खऱ्यापेक्षा चौपट वेगानं पळतं, तरी कुणी घाई करत नाही.

माथ्यावर, टेहाचापी स्टेशनात, बँकर सुटला. मग गाडी उभीच. उतरणीआधी प्रत्येक वाघिणीचा रिटेनर, म्हणजे ब्रेकमधली हवा धरून ठेवणारा वाल्व, फिरवायचा असतो. आमच्या गार्डबाई एकेका वाघिणीला बोट लावत गाडीच्या टोकापर्यंत गेल्या. तेवढा वेळ घड्याळात धरला होता. मला लगेच मंकी हिल आठवलं. पुण्याहून मुंबईला उतरताना गाडी तिथे ब्रेक तपासायला थांबते आणि डब्यातले लोक उगीच वैतागतात.

टेहाचापीचं मोठं मॉडेल बघायचं तर सॅन दिएगोला बाल्बोआ पार्कमधल्या मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये जा. ला मेसा क्लबनं बांधलेलं तिथलं लूप मी काचेला नाक लावून बघत बसलो होतो. पण हातात नॉब नसेल तर ते देखावाच राहतो.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, लहानपणी ते न पाहिलेला पुणेकर विरळा. आता कुणीतरी कर्जत-लोणावळा करावं, आणि ते चालवावं. चढ सदतिसात एक, टेहाचापीपेक्षा खडा. खरं अंतर २८ किलोमीटर, १:८७ नं सव्वातीनशे मीटर. ते अर्थातच कापावं लागेल. ठाकूरवाडी आणि मंकी हिल ठेवायचं, मधले बरेचसे बोगदे सोडायचे. कॅच सायडिंग, म्हणजे उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवणारा बाजूचा रूळ, मात्र हवीच, आणि तिचा सांधा गाडी थांबेपर्यंत सायडिंगकडेच लागलेला हवा. कर्जतला मागून जोडायचे बँकर घेऊन मी येतो.