खारीचं शू-शी अपडेट: पावसाळा, फ्लॅट आणि बाल्कनीतलं गवत

तर मंडळी, खारीचं पुढे काय झालं असं बरेच जण विचारत होते म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. नवीन लोकांसाठी थोडक्यात: खारी म्हणजे आपली साधी गावठी कुत्री, रंगावरून नाव पडलं, एका फॉस्टर घरातून (जिथे पिल्लांना तात्पुरतं सांभाळतात) आणली, आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. त्यात जुलैचा ऐन पाऊस, ठाण्यातला सातवा मजला आणि घरात सासूबाईंचं देवघर हॉलमध्येच. म्हणजे सगळ्या अडचणी एकदमच.

पहिली अडचण सगळ्यात मोठी. पिल्लाला खाली नेता येत नाही. वॅक्सिनचा कोर्स साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरू होतो, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, आणि शेवटचा डोस 16 आठवड्यांच्या आसपास. तोवर जमिनीवर सोडायचं नाही कारण पार्वोचा (पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीवावर बेतणारा आजार) व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर बाहेरची आठ-दहा कुत्री कायम असतात. वर पावसाळा म्हणजे लेप्टोचा आजार. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरतो, माणसांनाही होतो. लेप्टोचं वॅक्सिन बरेचदा त्याच कॉम्बिनेशनमध्ये येतं पण सगळ्यात नसतं, डॉक्टरांना विचारून घ्या.

मग वर घरात शू-शी करायची कुठे? सगळे म्हणाले शू शोषणारे पॅड आण. मी मुद्दाम आणले नाहीत, आणि या अख्ख्या अपडेटमधला माझा मुद्दा हाच आहे. पिल्लू जागा शिकण्याच्या आधी पायाखाली काय लागतं ते शिकतं. पॅड म्हणजे मऊ, कापडासारखं, पाणी शोषून घेणारं. आता घरात मऊ आणि शोषून घेणारं दुसरं काय काय आहे बघा: बाथरूमसमोरचं पायपुसणं, लेकीची गोधडी, सोफ्याखालचा गालिचा, सासूबाईंचं जपाचं आसन. पॅडवर शिकलेलं पिल्लू पायपुसण्यावर गेलं तर त्याच्या हिशोबाने ते बरोबरच करतंय. आणि पुढे चार महिन्यांचं झाल्यावर खाली नेलं की मातीवर गवतावर काही करायचंच नाही, तासभर फिरून घरी येऊन पॅडवर मोकळं व्हायचं, हे ओळखीतल्या दोन घरी बघितलेलं.

म्हणून बाल्कनीत गवत. नर्सरीत लॉनचे तयार तुकडे मिळतात, मातीसकट चटईसारखी गुंडाळी करून देतात. एक मोठा उथळ ट्रे घेतला, तळाला भोकं पाडली, खाली दुसरा ट्रे, मध्ये विटांचे तुकडे म्हणजे पाणी निथळतं. नर्सरी निवडताना एवढंच बघितलं की कंपाउंड बंद आहे आणि आत भटकी कुत्री फिरत नाहीत, नाहीतर पार्वो आपणच घरी आणायचा. खालचा ट्रे रोज रिकामा करावाच लागतो, आणि ते पाणी बाल्कनीच्या जाळीत ओतायचं नाही, बाथरूममध्ये. सहाव्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे बरोब्बर आमच्या आउटलेटखाली वाळत असतात, सुज्ञांस सांगणे न लगे.

गवत फार टिकत नाही हेही सांगून ठेवते. लघवीतल्या नायट्रोजनने ते जळतं, मध्ये पिवळे पिवळे गोल पडतात. रोज वरून भरपूर पाणी मारलं तर जरा जास्त तग धरतं. मी दोन तुकडे ठेवलेत, एक वापरात एक आराम करतोय.

आता टायमिंग. पिल्लू किती वेळ धरू शकतं त्याचा ढोबळ हिशोब म्हणजे जितके महिने वय अधिक एक, तेवढे तास. म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन, पण ते झोपलेलं असताना. जागं आणि खेळात असेल तर अर्धा-पाऊण तासही खूप. झोपेतून उठलं की लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, आणि खेळता खेळता अचानक नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं की उचलायचं आणि ट्रेवर, या तीन वेळा पकडल्या की निम्मं काम झालं. आमच्याकडे हे खातं सासूबाईंनी घेतलं. त्यांचा सगळा जीव देवघरात, त्यामुळे खारीचं शेपूट जरा वेगळं हललं तरी त्यांना आधी कळायचं, "अगं ती वास घेत्येय, उचल उचल" अशी हाक स्वयंपाकघरापर्यंत यायची. देवघराच्या बाजूने लोखंडी जाळीचं कुंपण केलंय ते वेगळंच.

ट्रेवर करायला लागली की हळू आवाजात "शू" म्हणायचं, पूर्ण झालं की तिथल्या तिथे ट्रीट. घरात आल्यावर डब्यातून काढून देऊ नका, तोवर तिच्या डोक्यात ट्रीट आत येण्याबद्दल मिळाली असं बसतं. ट्रीट म्हणजे उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, महागाचं पाकीट लागत नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. नवरा "चल पटकन" म्हणणार, लेक "सू सू" गाणार, मग पिल्लाने काय समजायचं.

चुकून फरशीवर झालं तर काहीही बोलायचं नाही. शेजारचे काका अजून सांगतात नाक घासा म्हणून, त्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं, मग ते दिवाणाखाली जाऊन करतं आणि तुम्हाला दोन दिवसांनी वासावरून कळतं. पुसायला फिनेल नको. एक तर त्यातले फिनॉल पिल्लासाठी वाईट, आणि वरून आपल्याला पाइनचा वास आला तरी कुत्र्याला खालचा मूळ वास येतच राहतो. अमोनियावाले क्लीनर तर अजिबात नको, लघवीतही अमोनियाच. एन्झाइमवालं क्लीनर घ्या, आधी फडक्याने टिपून, मग ते ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. ओतलं आणि लगेच पुसलं तर पैसे पाण्यात.

एक गोष्ट ट्रेनिंगच्या नावावर खपते पण ती वेगळी आहे. नवरा संध्याकाळी दारात आला, वाकून हात पुढे केला की खारी आनंदाने तिथेच दोन थेंब. हा प्रकार उत्साहाचा किंवा दबून जाण्याचा, ट्रे माहीत नसण्याचा नाही, आणि ओरडलं तर वाढतो. आल्या आल्या तिच्याकडे बघायचंच नाही, बूट काढायचे, पाणी प्यायचं, मग खाली बसून बाजूने हात लावायचा. बहुतेक पिल्लं वयाबरोबर यातून बाहेर येतात. पण दिवसभर सारखं थेंब थेंब होत असेल, विशेषतः मादीला, तर लघवी तपासून घ्या, इन्फेक्शन असू शकतं, त्यात ट्रेनिंग बिचारं काय करणार.

खाण्याचा यात फार मोठा हात आहे, ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे पिल्लू आलं की दूध-पोळी ठरलेली. बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पातळ शी होते, आणि पातळ शी कुणालाच धरून ठेवता येत नाही. आम्ही पपी फूड, दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी, चार महिन्यांनंतर तीन वेळा. वाटी भरून दिवसभर ठेवली की शीची वेळही दिवसभर. पाणी मात्र कायम भरलेलं, ते तोडू नका. जंताचं औषध पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात हे लेकीला वेगळं सांगावं लागलं.

रात्रीचं म्हणाल तर क्रेट, म्हणजे तिचा झोपायचा पिंजरा, आमच्या पलंगाशेजारी, तिला उठून वळता येईल एवढाच. फार मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू. सुरुवातीला दोन आणि पाचच्या सुमारास कुईकुई व्हायची, दिवा न लावता, लाड न करता ट्रेवर, परत आत. हळूहळू दोनचा फेरा आपोआप सुटला.

खाली जमिनीवर नेत नव्हतो म्हणून घरात कोंडून ठेवली असं नाही हं. तीन ते चौदा आठवडे हा जग ओळखायचा काळ, तो वॅक्सिनची वाट बघत बसत नाही. छातीशी झोळी बांधून तिला रिक्षास्टँड, भाजीवाले, शाळा सुटायची वेळ सगळं दाखवलं, पाय जमिनीला न लावता. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग जेवताना अगदी हळू आवाजात लावायचो, रोज थोडं वाढवत. गणपतीत पथक गेटसमोरून गेलं तेव्हा कान मागे गेले, पण खाणं सोडलं नाही.

लिफ्टवरून एका मेंबरची कुरकुर झाली. अशा वेळी भांडू नका, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची 2015 ची मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून द्या, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही आणि वेगळा चार्जही लावता येत नाही. आणि आपण आपल्या बाजूने शी उचलायची पिशवी खिशात ठेवायचीच, तिथे सूट नाही.

आत्ताची स्थिती: शेवटचा डोस होऊन थोडे दिवस गेले, सकाळ-संध्याकाळ खाली नेते, आणि गवत दिसलं की पहिल्याच दिवशी तिने विनातक्रार काम उरकलं. वॉचमनदादा म्हणाले एवढी लवकर कशी शिकली, शिकली होती ती बाल्कनीतच. पावसात भिजून आलं की गोचीड बघायचे, कानाच्या आत आणि बोटांच्या मधे. दुधाचे दात पडायला लागलेत, त्यामुळे चपला वरच्या कप्प्यात.

ट्रे लगेच काढणार नाही. आधी तो बाल्कनीत दारापासून लांब सरकवायचा, मग फक्त रात्रीपुरता ठेवायचा असा विचार आहे. आणि आवाजाचं रेकॉर्डिंग आता फटाक्यांचं सुरू केलंय, दिवाळी आलीच. ज्यांनी ट्रे बंद केलाय त्यांनी किती महिन्यांचं पिल्लू असताना केला ते लिहा, सासूबाई म्हणतायत राहू दे, पावसात कोण जाणार खाली.