लुइझियाना १९ ग्रॅमनं जड भरलं

मंडळी, अमेरिकेनं करारांनी मिळवलेल्या प्रदेशांचा लाकडी नकाशा मी करतेय, प्रत्येक प्रदेशाचा एक सुटा तुकडा. त्यातले अलास्का आणि गॅड्सडेन (मेक्सिकोकडून घेतलेली पट्टी) हे दोन तुकडे झाल्याचं मागे कळवलं होतं. त्यानंतर लुइझियाना (आजचं राज्य नव्हे, १८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेला सगळा प्रदेश) कापलं, कानस मारली आणि चौकटीत बसवून पाहिलं. बसलं! मिसिसिपीच्या बाजूची सगळी वळणं अंगठ्याच्या दाबानं आत गेली, तेव्हा मी एकटीच गॅलरीत उभी राहून हसत होते. मग तुकडा काट्यावर ठेवला आणि काम बारा दिवस अडकलं. गाठ काल रात्री सुटली.

वजनाचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे. नकाशा अल्बर्सच्या समक्षेत्र प्रक्षेपणात आहे, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण त्यात बिघडत नाही; १ सेंमीला ५० किमी. एकाच ६ मिमी बर्च प्लायमधून कापल्यावर तुकड्यांची वजनं क्षेत्रफळाच्या प्रमाणात यायला हवीत. अलास्का २३७ ग्रॅम अपेक्षित होतं, २३६ भरलं. गॅड्सडेन बरोबर १२. त्या हिशेबानं लुइझियाना, म्हणजे ८ लाख २८ हजार चौरस मैल, ३३४-३३५ ग्रॅम भरायला हवं. काटा ३५३ दाखवत होता.

पहिला संशय प्लायवर गेला. मागच्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवलेल्या प्लायमध्ये आत पोकळ जागा निघाल्या होत्या. तेव्हापासून मी टिंबर मार्केटमध्ये जाऊन, कडा बघून, वाजवूनच माल घेते आणि तुम्हालाही तेच सांगेन. हा शीट तसाच पारखून आणलेला. तरी त्याच्या चार कोपऱ्यांतून १० बाय १० सेंमीचे चौकोन कापले. चारही ३९ ग्रॅमच्या आसपास, फरक अर्ध्या ग्रॅमचासुद्धा नाही. आमच्या सुतारकाकांना दाखवलं, तर ते म्हणाले, "ताई, ओल असती तर पदर सुटले असते. प्लायला कशाला दोष देता? आखणी बघा."

आखणी बघायची तर ती कशावरून केली होती, तिथपर्यंत मागे जावं लागलं.

गॅड्सडेनचा तुकडा मी थेट करारावरून आखला होता. ३० डिसेंबर १८५३ चा तो करार पुढे सिनेटनं कापून-छाटून १ कोटी डॉलरला मंजूर केला, पण हद्द अगदी चोख सांगितलेली आहे. रिओ ग्रांडेवर ३१ अंश ४७ मिनिटांपासून १०० मैल पश्चिमेला, मग दक्षिणेला ३१ अंश २० मिनिटांपर्यंत, मग १११ व्या रेखावृत्तापर्यंत, तिथून तिरकी सरळ रेघ कोलोरॅडो नदीवर, गिला नदीच्या संगमाखाली २० मैलांवर. पट्टी-पेन्सिल घेऊन बसावं इतकं सोपं. आधी मेक्सिकोशीच झालेल्या १८४८ च्या तहात जो नकाशा वापरला, त्यात एल पासो गावच चुकीच्या जागी होतं आणि त्यावरून मोठा वाद झाला. या वेळी अंश-मिनिटं घालायचं कारण तेच असावं, असं मला वाटतं.

लुइझियानाच्या करारात यातलं काहीच नाही. ३० एप्रिल १८०३ ची तारीख, ६ कोटी फ्रँक रोख्यांच्या रूपात, शिवाय अमेरिकी नागरिकांचे फ्रान्सकडे असलेले दावे भागवायला २ कोटी; मिळून दीड कोटी डॉलर. हद्दीच्या जागी मात्र स्पेन आणि फ्रान्समधल्या १८०० च्या सान इल्देफोन्सो तहातलं वाक्य जसंच्या तसं उचललंय: आज स्पेनच्या हाती जितका आहे आणि फ्रान्सकडे असताना जितका होता, तितका प्रदेश. तो कुठवर, हे कुठेही लिहिलेलं नाही. लिव्हिंग्स्टन आणि मन्रो हे अमेरिकेचे दूत मुळात न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा विकत घ्यायच्या बेतात होते. नेपोलियननं सगळंच पुढे केलं. लिव्हिंग्स्टननं हद्द विचारली, तेव्हा फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां यानं स्पष्ट उत्तर दिलंच नाही. सौदा छान केलात, आता त्याचा पुरेपूर फायदा करून घ्याल, एवढंच म्हणाला.

म्हणून या तुकड्याची कड मी एका नेहमीच्या रंगीत नकाशावरून उतरवली होती. काल ट्रेसिंग काढून त्यावर नद्यांची खोरी ठेवली आणि ईशान्येचा कोपरा डोळ्यांत भरला. तिथे उत्तरेची रेड नदी आहे (दक्षिणेतली रेड नदी वेगळी, स्पेनशी ठरलेली १८१९ ची हद्द तिच्यावरून जाते, आणि दोघींच्या एकाच नावानं माझा एक रविवार खाल्लाय). ही उत्तरेची नदी मिसिसिपीला मिळतच नाही. ती विनिपेग सरोवरात जाते आणि तिचं पाणी शेवटी हडसन उपसागरात पोचतं. लुइझियानावरचा फ्रेंचांचा दावा मिसिसिपी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचा होता. रेड नदीचं खोरं ब्रिटनच्या दाव्यात होतं आणि १८१८ च्या करारात ४९ वं अक्षवृत्त ठरलं, तेव्हा ते अमेरिकेकडे आलं. एक डॉलरही न मोजता! उलट त्या रेघेच्या वर राहिलेला मिसुरीच्या खोऱ्याचा छोटा भाग अमेरिकेनं सोडला. तो आज कॅनडात आहे. माझ्या नकाशात तो खोबणीनं दाखवीन.

रात्री अकराला खोऱ्याची कड आखली, स्क्रोल सॉला (वळणं कापायच्या यांत्रिक करवतीला) बारीक दातांचं पातं लावलं आणि कोपरा कापला. कोपरा साडेअठरा ग्रॅम, उरलेलं लुइझियाना ३३४. बाकीचा अर्धा ग्रॅम भुशात गेला. काट्यावरचा तो आकडा बघताना मला जे वाटलं ते तुमच्यापैकी ज्यांनी तुकडे तोललेत त्यांना सांगायला नको. रेड नदीचा तुकडा आता शिसवीचा करीन, विकत न घेतलेल्या जमिनीला वेगळं लाकूड.

उरली पश्चिम फ्लोरिडा. मिसिसिपी आणि पर्डिडो नदी यांच्यामधली ही किनारपट्टी दीड कोटीतच आली असं अमेरिकेचं म्हणणं. स्पेन म्हणे, मुळीच नाही. १८१० मध्ये बॅटन रूजला बंड झालं, निळ्या कापडावर पांढरा तारा असा झेंडा लागला, आणि काही आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष मॅडिसननं जाहीरनामा काढून प्रदेश जोडून घेतला. मोबील १८१३ ला लष्करानं घेतलं. स्पेननं १८१९ च्या तहात फ्लोरिडासकट सगळ्यावरचा हक्क सोडला. त्या तहातले ५० लाख डॉलरही स्पेनच्या हाती पडले नाहीत. स्पेनविरुद्ध दावे असलेल्या अमेरिकी नागरिकांना तेवढ्या मर्यादेत भरपाई द्यायची होती. मग ही पट्टी कोणत्या तुकड्याला जोडू? फ्लोरिडाला जोडायची असं ठरवून पेन्सिलनं आखलीही होती. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: ती सुटी ठेवायची. दोन्ही कडांना चुंबकाच्या टिकल्या, म्हणजे ही पट्टी डावीकडे लुइझियानाला चिकटेल किंवा उजवीकडे फ्लोरिडाला. हातात घेणाऱ्यानं ठरवावं. फ्लोरिडा त्यामुळे पुन्हा आखावी लागेल, हरकत नाही.

डेन्मार्ककडून १९१७ मध्ये अडीच कोटी डॉलरच्या सोन्यानं घेतलेली व्हर्जिन बेटं या प्रमाणात कापणं अशक्य आहे. सेंट क्रॉय बासमतीच्या दाण्याएवढं येतं, सेंट जॉन त्याच्याही पाव भाग. पितळी तारेचे तीन तुकडे ठोकून बसवलेत. चपडीचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिल्यावर छान चमकतात.

आता मोठा बदल. लुइझियाना उचलल्यावर खाली कोरा तळ दिसतो, आणि काल तो बघून मी अस्वस्थ झाले. फ्रान्सनं विकला तो हक्क. जमीन ओसेज, लाकोटा, पॉनी आणि अशा कितीतरी मूळ रहिवासी लोकांच्या ताब्यात होती, आणि अमेरिकेनं ती नंतर तहांमागून तह करून, कित्येकदा बळानं, काढून घेतली. पहिल्या आराखड्यात हे मी धरलंच नव्हतं, आणि त्याशिवाय हा नकाशा मला खरा वाटत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याखाली ३ मिमीचा दुसरा थर घालणार आहे, त्या तहांच्या हद्दींचा.

सुरुवात १८०८ च्या ओसेज तहापासून. त्याची हद्द स्पष्ट लिहिलेली आहे: मिसुरीवरच्या फोर्ट क्लार्कपासून थेट दक्षिणेला आर्कान्सा नदीपर्यंत, मग नदीनं खाली मिसिसिपीपर्यंत. त्या रेघेच्या पूर्वेची ओसेज जमीन, आजच्या मिसुरी राज्याचा मोठा भाग त्यात येतो, रोख १,२०० डॉलर आणि वर्षाला १,५०० डॉलरचा माल एवढ्यावर गेली. रेघ प्लायवर आखून झाली आहे. सॉला नवं पातं लावून शनिवारी कापते.