सलूनच्या खुर्चीपर्यंत

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. गेल्या वर्षापर्यंत त्याचे केस आम्ही तो झोपल्यावर कापायचो. नवरा मोबाइलचा टॉर्च धरायचा, मी कात्री चालवायचे, आणि एका बाजूचे झाले की त्याने कूस बदलायची वाट बघत बसायचो. जावळाच्या वेळीच त्याने आकांत केला होता. पुढे एका सलूनमध्ये 'बाकीची गिऱ्हाइकं खोळंबलीत' म्हणून आम्हाला अर्धवट कापलेल्या केसांनिशी उठवलं. त्यानंतर हे झोपेतलं काम सुरू झालं. पण मुलगा मोठा होत होता, झोप सावध होत होती, आणि शाळेतही डोळ्यांवर येणाऱ्या केसांवरून बोलणं व्हायचं.

त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या बाईंना, विचारलं. त्या म्हणाल्या, "केस कापणं म्हणतो त्यात बारीक बारीक दहा गोष्टी असतात. त्यातलं त्याला काय सोसत नाही ते आधी बघा." आम्ही वहीत लिहून काढलं. मशीनची घरघर. गळ्याशी आवळलेलं कापड. मागून अचानक येणारा गार पाण्याचा फवारा. कॉलरमध्ये टोचणारे केस. पावडरचा वास. कात्रीचं मात्र त्याला फारसं काही नव्हतं, आणि हे कळल्यावर मला केवढं हायसं वाटलं!

ऑटिझम असलेल्या अनेकांना आवाज, स्पर्श, वास आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, निदानाच्या निकषांतच हे धरलं आहे. आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी करतात, तिच्या 40 मुद्द्यांमध्येही संवेदनांचा वेगळा भाग आहे. म्हणून 'नाटकं करतो, दोन फटके द्या' असं कोणी म्हटलं की मी थांबून सांगते, त्याला ते खरोखरच सोसवत नाही.

मग ठाण्यात, चरईतल्या एका गल्लीत दोन खुर्च्यांचं छोटं सलून सापडलं. पहिल्यांदा मी एकटीच गेले, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. सगळं सांगितलं. केस कापणाऱ्या दादांनी एकच विचारलं, "ताई, कात्री चालू असताना एकदम मान फिरवतो का?" मी म्हटलं, फिरवतो, पण आधी हात वर करतो. "मग हात वर केला की मी थांबणार. त्याला सांगून ठेवा." इतक्या जणांशी बोलले होते, पण मुलाच्या 'नको'ची सोय आपणहून लावणारा हा पहिलाच माणूस.

घरी आम्ही चित्रांची पट्टी केली: सलूनचं दार, खुर्ची, कात्री, आणि शेवटी तलावपाळीवरच्या बोटी. पुढे काय होणार आणि कधी संपणार हे डोळ्यांना दिसलं की त्याची निम्मी भीती जाते. पहिल्या दिवशी तो नुसता बाकावर बसला आणि आम्ही थेट बोटी बघायला गेलो. मग कधीतरी खुर्चीत बसला. कात्री लागायच्या आधी दादांनी ती हवेतच चालवून ऐकवली, मग त्याच्या हातातल्या कंगव्यावर. केस एकही कापला गेला नव्हता, पण दादा म्हणाले, "आज झालं आपलं." मी पैसे पुढे केले तर घेईनात. माझ्या आग्रहाखातर घेतले. त्यांचा वेळ गेला होता, तो फुकट का घ्यावा?

प्रत्यक्ष कापायला लागले तेव्हा कापड नको म्हणून मुलाने जुना टी-शर्ट घातला होता, बदलायला दुसरा पिशवीत होता. फवाऱ्याऐवजी ओल्या हाताने केस दमट केले. दादा डोकं हलक्या बोटांनी न धरता तळवा नीट टेकवून धरायचे, कारण हलका स्पर्शच त्याला जास्त नकोसा होतो. प्रत्येक वेळी आधी सांगायचे, "आता कानामागे येतो हं." दहा आकडे मोजून थांबायचं, पुन्हा दहा. मोजायचा मुलगाच. सातावर हात वर झाला तर कात्री सातावरच थांबायची.

त्या दिवशी बाकावर एक काका पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "काय झालंय त्याला?" मी सांगितलं, ऑटिझम आहे, आवाज त्याला फार मोठे ऐकू येतात. काका उठले, भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद केला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. 2 एप्रिलला ऑटिझम जागृतीसाठी इमारतींवर निळे दिवे लागतात, मला ते आवडतात. पण आमच्यासारख्या घरांना रोज लागते ती मदत काकांनी केली तशी असते. टक लावून न बघणं, उपाय न सुचवणं, जमलं तर आवाज कमी करणं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यांत ऑटिझम आहे, आमच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रही आहे, आणि ते प्रत्येक पालकाने काढावंच. तरी टीव्ही बंद करायला कोणीतरी उठावंच लागतं.

तुम्ही सलून चालवत असाल, दवाखाना किंवा कपड्यांचं दुकान चालवत असाल, तर पालकांना एवढंच विचारा: कशाचा त्रास होतो, आणि नको असेल तेव्हा तो कसं सांगतो? गर्दी नसलेली वेळ आपणहून सुचवा. बोलायचं ते मुलाशी बोला, तो उत्तर देत नसला तरी. माझा मुलगा मोजकं बोलतो, पण त्याला सगळं कळतं आणि लक्षात राहतं.

मशीन अजून चालत नाही. मानेवरची कड कात्रीनेच होते, जराशी वाकडी येते, आणि ती तशीच राहू द्यायची असं आमचं ठरलं आहे. आता शेजारच्या इमारतीतली एक मुलगीही दुपारी दादांकडे येते. तिला कात्रीचाच आवाज नको असतो, त्यामुळे तिच्यासाठी दादांची नवी जुळवाजुळव चालू आहे. आमचं पुढचं काम दातांच्या डॉक्टरांचं. खुर्चीचा, दिव्याचा आणि ड्रिलचा फोटो त्यांच्याकडून मागवला आहे, नवी पट्टी करायला.