संदर्भ : गूगल

बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाचं शेवटचं पान. ‘संदर्भ : गूगल, इंटरनेट.’ अक्षर मोत्यासारखं, खाली लाल रेघसुद्धा आखलेली.

अरे बाळांनो, गूगल ही नुसती वाट. टोकाला कोण भेटलं ते लिहायचं : लेखक किंवा संस्था, वर्ष, शीर्षक, दुवा, पाहिल्याची तारीख. पुस्तकातला उतारा असेल तर प्रकाशक आणि पान क्रमांकही.

मुलं हे शेवटच्या रात्री शोधतात, तोवर टॅब बंद झालेला असतो. टिपण काढतानाच समासात लिहून ठेवावं.

आणि संदर्भांची यादी टाइप करताना प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ आत घ्यायला स्पेसबार नको, वर्डमध्ये कंट्रोल-टी दाबा. स्पेस मारून जुळवलेली यादी एक शब्द बदलला की विस्कटते.

‘माहिती गोळा करा’ म्हणताना ‘कुठून आणलीस?’ हे आपण कितव्या इयत्तेपासून विचारतो?