पंचांगावर चालणारा व्यवसाय : आमची वाटचाल

पुढच्या वर्षाचे पंचांग छापून हाती आले की आमच्या कार्यालयात नवे वर्ष सुरू होते. इतर सहल कंपन्या शाळांच्या सुट्ट्या पाहून वेळापत्रक आखतात. आम्ही मात्र आषाढ शुद्ध द्वितीया कोणत्या तारखेला येते, मल्याळी मेडम महिन्यात पूरम नक्षत्र कधी आहे आणि बालीचे शक वर्ष कोणत्या दिवशी बदलते, हे आधी वहीत उतरवतो आणि मगच गाड्यांची व निवासाची चौकशी सुरू करतो. आमची संस्था लहान आहे. चार माणसे, वर्षाला मोजक्या सहली, प्रत्येक सहलीत जास्तीत जास्त बारा प्रवासी, आणि सहली फक्त उत्सवांच्या. हा आकडा बारावर का थांबला आणि आम्ही फक्त उत्सवांकडेच का वळलो, हे सांगायचे तर पुरीपासून सुरुवात करावी लागेल.

पुरीच्या रथयात्रेची आमची पहिली सहल फसली, आणि ती पूर्णपणे आमच्या अज्ञानामुळे फसली. यात्रा द्वितीयेला असते एवढेच आम्हाला ठाऊक होते, म्हणून परतीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची काढली होती. त्या दिवशीचा क्रम मात्र असा असतो : आधी मूर्ती ‘पहंडी’च्या डुलत्या चालीने एकामागून एक मंदिराबाहेर येतात, मग पुरीचे गजपती महाराज तिन्ही रथांवर सोन्याच्या झाडूने झाडण्याची सेवा करतात, त्यानंतर बलभद्राचा तालध्वज निघतो, त्यामागे सुभद्रेचा दर्पदलन आणि सर्वांत शेवटी जगन्नाथाचा सोळा चाकांचा नंदीघोष. रथ जेथे पोहोचायचे ते गुंडिचा मंदिर तेथून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. पण सूर्यास्तानंतर रथ ओढत नाहीत. त्या वर्षी नंदीघोष वाटेतच थांबला, रात्रभर बडदांडावर, म्हणजे मंदिरासमोरच्या रुंद राजरस्त्यावर, उभा राहिला, आणि तो पुन्हा हलण्याआधीच आमचे प्रवासी स्थानकाच्या वाटेला लागले. एवढ्या लांबून येऊन देवाला वाटेत सोडून निघावे लागले, अशी खंत एका ज्येष्ठ प्रवासी बाईंनी गाडीत बोलून दाखवली. त्यावर देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्यानंतर आजवर आम्ही उत्सवाच्या मुख्य दिवसाला लागून परतीचे आरक्षण केलेले नाही. मागे किमान एक दिवस मोकळा असतोच.

पुढील वर्षी आम्ही स्वतः अक्षय्य तृतीयेला पुरीला गेलो, कारण रथबांधणीला त्याच दिवशी आरंभ होतो. तिन्ही रथ दरवर्षी नव्याने बांधले जातात. मंदिरासमोरच्या रस्त्यालगत लाकडाचे ओंडके रचलेले असतात, वंशपरंपरेने ही सेवा करणारे सुतार चाकाचे आरे तासत असतात, आणि ओल्या लाकडाचा वास व धूळ अंगावर घेत माणसे तासन्‌तास नुसती पाहत उभी असतात. यात्रा संपल्यावर रथ मोडून त्याचे लाकूड मंदिराच्या स्वयंपाकघरात जळणासाठी वापरतात, हे तेथेच कळले. उत्सव एका दिवसाचा नसतो, त्याला आधीची आणि नंतरची बाजू असते, ही गोष्ट आमच्या मनात तेव्हा पक्की बसली. तेव्हापासून सहलीपूर्वीच्या बैठकीत आम्ही ज्येष्ठ पौर्णिमेचे 108 कलशांचे स्नान, त्यानंतर पंधरवडाभर बंद राहणारे देवाचे दर्शन आणि मग यात्रा, हा सगळा क्रम प्रवाशांना समजावून सांगतो. गर्दीत काही क्षणच दोराला हात लागतो. काथ्याचे खरखरीत तंतू तळव्यात रुततात आणि मागचा लोंढा पुढे ढकलतो. पण मागचा महिना ज्याला ठाऊक असतो, त्याला त्या क्षणांचे मोल वेगळे असते.

त्रिशूरच्या पूरमने आम्हाला ऐकायला शिकवले. कोचीन संस्थानचे राजे शक्तन तंपुरान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला हा उत्सव बहुतेकांना छायाचित्रांतून माहीत असतो : वडक्कुन्नाथन मंदिराच्या दक्षिण गोपुरापुढे परमेक्कावू आणि तिरुवंबाडी या दोन देवस्थानांचे पंधरा-पंधरा हत्ती समोरासमोर आणि त्यांच्यावर झरझर बदलल्या जाणाऱ्या रंगीत छत्र्या. हा ‘कुडमाट्टम’ देखणा असतोच. पण आमच्या मते पूरमचा प्राण दुपारच्या ‘इलंजितरा मेळम’मध्ये आहे. चेंडा, इलत्ताळम, कोंबू आणि कुळल वाजवणारे दोनशेहून अधिक वादक सुरुवातीला अतिशय संथ चालीत वाजवतात, आवर्तन हळूहळू आखूड होत जाते, लय वाढत जाते, आणि समोरचे हजारो श्रोते प्रत्येक ठेक्यावर हात वर उचलतात. पहिल्या वर्षी आमच्या प्रवाशांना हा संथ भाग कंटाळवाणा वाटला आणि निम्मे लोक सावलीत जाऊन बसले. दुसऱ्या वर्षी आम्ही आदल्या दिवशी एका जाणकाराकडून तासभर लय समजून घेण्याची सोय केली. मग त्या भर उन्हात एकही प्रवासी जागचा हलला नाही. ज्यांना कर्कश आवाज, ऊन किंवा पहाटेची आतषबाजी सोसत नाही, त्यांना आम्ही नोंदणीच्या वेळीच स्पष्ट नकार देतो.

2020 साल आमच्यासारख्या व्यवसायाला किती जड गेले, ते वेगळे सांगायला नको. एकही सहल निघाली नाही. पूरम केवळ धार्मिक विधींपुरते झाले, आणि पुरीची रथयात्रा सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 23 जूनला भाविकांशिवाय निघाली. एका रथाला पाचशेपेक्षा अधिक माणसे नकोत, अशी अट होती. आम्ही चौघांनी ती आपापल्या घरी दूरचित्रवाणीवर पाहिली. बडदांड रिकामा होता आणि तरीही रथ चालत होते. प्रवासी आला नाही म्हणून उत्सवाचे काही अडत नाही, हे इतक्या उघडपणे आम्ही प्रथमच पाहिले. आम्ही तेथे पाहुणे आहोत, आणि पाहुण्यांनी यजमानाच्या घरात किती जागा व्यापावी याला मर्यादा हवी, या विचाराने सहलीतील संख्या पंचवीसवरून बारावर आणली. उत्पन्न घटले, पण या निर्णयाचा आम्हाला पश्चात्ताप नाही.

याच विचारातून आम्ही बालीच्या न्येपीकडे वळलो. बालीत आजही शक कालगणना चालते आणि तिथल्या नववर्षाचा पहिला दिवस संपूर्ण मौनाचा असतो. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाच्या राक्षसांच्या भल्यामोठ्या प्रतिमा खांद्यावर घेऊन, वाद्यांच्या गजरात गावोगाव मिरवणुका निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास रस्ते ओस पडतात, दिवे लावले जात नाहीत, विमानतळसुद्धा बंद राहतो, आणि ‘पेचलांग’ म्हणवणारे गावरक्षक तेवढे गस्त घालतात. परदेशी पाहुण्यांनाही निवासाच्या आवाराबाहेर पडता येत नाही. ज्या दिवशी पाहण्यासारखे काहीच नाही त्या दिवसासाठी एवढा प्रवास कशाला, असा प्रश्न आम्हाला चौकशीच्या जवळजवळ प्रत्येक दूरध्वनीवर विचारला जातो. पहिल्या गटालाही तो प्रश्न पडला होता. दुपारपर्यंत काही जण अस्वस्थ होते, फेऱ्या मारत होते, घड्याळ पाहत होते. रात्री अंगणात सगळे आपोआप येऊन बसले. संपूर्ण बेटावर दिवा नव्हता, वाहनाचा आवाज नव्हता, आणि आकाशात इतके तारे होते की नेहमीची नक्षत्रे त्या दाटीत ओळखू येईनात. बारा माणसे कितीतरी वेळ एक शब्दही न बोलता बसून होती. आमच्या संपूर्ण वाटचालीत मला सर्वांत समाधान दिलेली रात्र तीच.

सगळेच उत्सव असे चंद्राच्या तिथीवर चालत नाहीत. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव दरवर्षी 1 ते 10 डिसेंबरला कोहिमाजवळच्या किसामा येथे असतो, त्यामुळे नोकरदारांना रजा काढणे सोपे जाते. तो राज्य सरकारने 2000 साली सुरू केला आणि सर्व नागा जमाती तेथे एकत्र दिसतात. पहिल्या ओळखीसाठी तो उत्तम आहे. ज्यांना ती ओळख पुढे न्यायची असेल त्यांनी मात्र कोन्याक जमातीचा एप्रिलमधील आओलेंग किंवा आओ जमातीचा मे महिन्यातील मोआत्सू हा सण अनुभवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण तेथे गाव स्वतःसाठी नाचत असते. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ कुटुंबे झेंडूची फुले आणि मेणबत्त्या घेऊन थडग्यांपाशी बसतात. त्या सहलीत कॅमेरा दफनभूमीच्या दाराशीच पिशवीत ठेवावा लागतो, हा आमचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

सध्या आमच्या वहीत सर्वांत पुढची नोंद लडाखमधील हेमिस मठाची आहे. तेथे गुरु पद्मसंभवांच्या जयंतीला मुखवटे घातलेले भिक्षू दरवर्षी छम नृत्य करतात. पण गुरूंचा भव्य रेशमी थंका, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारे धार्मिक पटचित्र, बारा वर्षांतून एकदाच उलगडला जातो. मागील वेळ 2016 सालची, म्हणजे पुढची 2028 ची. नऊ जणांनी आतापासून नावे देऊन ठेवली आहेत. त्यांच्या नावांपुढे इंग्रजी तारखेचा रकाना अजून कोरा आहे. तेथे फक्त ‘तिबेटी पाचवा महिना, दहावी तिथी’ एवढेच पेन्सिलीने लिहिले आहे.