घुमट आणि आजी

निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि पोटात गोळा आला. दीक्षाभूमीचा पांढराशुभ्र घुमट, डोक्यावर ऊन, आणि फिल्म सगळी पातळ, म्हणजे उजेड कमी पडलेला. कडेला झाडाखाली संत्रं सोलत बसलेल्या आजींच्या जागी तर जवळजवळ कोरी फिल्म.

सीताबर्डीतले स्टुडिओवाले काका म्हणाले, "उजेड मोजायचा मीटर घुमटावर धरला होता ना? त्याले पांढरं समजत नाही बाप्पा. तो पांढऱ्यालेबी राखाडीच समजते."

खरंच. 100 आयएसओची (वेगाची) फिल्म, भिंगाचं छिद्र एफ 16 ला, आणि मीटरने 1/500 सेकंद सांगितलं. लख्ख उन्हाचा साधा हिशेब 1/125 चा. पूर्ण दोन स्टॉप कमी, म्हणजे उजेड फक्त पाव! उन्हातली हिरवळ साधारण त्या राखाडीइतकीच उजळ, तिच्यावर मोजायला हवं होतं.

घुमट पुन्हा टिपता येईल. त्या आजी कुठे शोधू?